धाकटीचा कीबोर्ड

खोकं आलं तेव्हा दार मोठीनंच उघडलं. सही तिनंच केली, खोकं उचलून आत तिनंच आणलं, आणि वरचं नाव वाचून टेबलावर जरा आदळूनच ठेवलं. नाव धाकटीचं होतं.

दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका आणि आई, अशी पाच माणसं त्या घरात राहायची. थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं, धाकटा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. दोघी सुना घरून काम करायच्या आणि दोघींचंही काम टायपिंगचंच. मोठी एका इस्पितळासाठी डॉक्टरांची बोललेली टिपणं हेडफोन लावून ऐकायची आणि त्यांचे रिपोर्ट तयार करायची. कुणाचा गुडघा झिजलेला, कुणाच्या पित्ताशयात खडे. डॉक्टर बोलताना निम्मे शब्द गिळायचे, मोठी ते त्यांच्या घशातून बरोबर बाहेर काढायची. तिच्याइतका वेगवान हात त्या कामावर दुसऱ्या कुणाचा नव्हता आणि हे ती विसरायची नाही, दुसऱ्यांनाही विसरू द्यायची नाही. धाकटी ऑनलाइन बूट विकणाऱ्या एका दुकानाच्या गिऱ्हाइकांना उत्तरं लिहायची. बूट चावतो, डावा आला पण उजवा आलाच नाही, फोटोत काळा होता आणि निघाला निळा. दिवसभर लोकांच्या माफ्या मागायच्या आणि तरी संध्याकाळी ही बाई हसतमुख! मोठीला ते हसणंच पहिल्यापासून जरा खुपायचं.

त्यात संध्याकाळी कामं आटोपली की धाकटी आणि तिचा नवरा आपल्या खोलीत शेजारी शेजारी बसून कॉम्प्युटरवर गेम खेळायचे. "मागे बघ, मागे!" "मेले! तुझ्यामुळे मेले मी!" आणि मग दोघांचं खो खो हसू. भिंतीच्या अलीकडे मोठी कपड्यांच्या घड्या घालत असायची आणि तिचा नवरा सोफ्यावर बातम्या बघता बघता मान टाकून पेंगत असायचा. बातम्या देणारा माणूस मात्र जिवाच्या आकांताने बोलत असायचा.

तर त्या खोक्यातून अख्खा कीबोर्ड निघालाच नाही, कीबोर्डाचे सुटे भाग निघाले. रिकामं अंग, इवल्या इवल्या स्विचांची पिशवी, अक्षरांच्या टोप्या वेगळ्या. धाकट्यानं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि काही संध्याकाळी तो तिथंच बसला. एकेक स्विच उघडायचा, आतली स्प्रिंग चिमट्यानं काढायची, बारीक ब्रशनं तिला वंगण लावायचं, पुन्हा मिटायचा. धाकटी समोर बसून टोप्या रंगाप्रमाणे लावून ठेवायची.

"भावजी, कीबोर्ड करताय की घड्याळ?" मोठीनं ताटं घेऊन येत विचारलं. आता टेबल मोकळं करा, असा त्याचा अर्थ होता.

"मेकॅनिकल कीबोर्ड आहे, वहिनी," दीर म्हणाला. धीर म्हणतात तो त्याच्या अंगात भरपूर होता. "तुमच्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराचा एकच थर असतो. यात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच, वेगळी स्प्रिंग."

"मग अक्षर वेगळं उमटतं का?"

सगळे हसले. मोठीही हसली, पण तिनं विनोद केलेला नव्हता.

"अक्षर तेच हो. बोटाला कळतं फक्त," दीर म्हणाला आणि एक स्विच उजेडात धरून पुढे सहज बोलून गेला, "हिच्या करंगळीला जोर कमी आहे, म्हणून त्या बाजूच्या स्प्रिंगा जरा हलक्या घातल्यात."

झालं. तेवढं वाक्य मोठीच्या काळजात रुतलं. नवऱ्याला बायकोच्या करंगळीचा जोर ठाऊक! आणि तिचा स्वतःचा नवरा लग्नाला इतकी वर्षं झाली तरी चहा करताना आतून ओरडून विचारायचा, "अगं, तू साखर घेतेस ना?"

कीबोर्ड तयार झाला, धाकटीच्या टेबलावर बसला आणि घरात एक नवा आवाज सुरू झाला. भरीव, गोल, टपोरा. धाकटी लिहायला लागली की वाटायचं, कुणीतरी लाकडी फळीवर मूठमूठ गोट्या सोडतंय. सासूबाई दुपारी आडव्या व्हायच्या त्या खोलीपर्यंत तो जायचा. मोठीच्या हेडफोनमधून तो आत यायचा नाही, पण ती मुद्दाम एका कानावरचा हेडफोन सरकवून तो ऐकायची आणि मग चिडायची.

"एवढे पैसे घालून शेवटी बटणं ती बटणंच," एका सुट्टीच्या सकाळी ती चहा पिताना म्हणाली. "टायपिंग हातात असतं. कीबोर्डात काय असतं?"

कुणीतरी असं काही म्हणण्याचीच दीर वाट बघत होता. "लावायची का शर्यत, वहिनी? एकच मजकूर, तुम्ही दोघी, आपापल्या कीबोर्डवर."

"मी नाही हं ताईंच्या पुढे," धाकटी हात जोडून हसली, पण तयार झाली. दोन्ही कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आले. सासूबाई खुर्ची ओढून पंच म्हणून बसल्या. त्यांना वाचायला चष्मा लागायचा आणि तो सापडत नव्हता, तरी बसल्या. दिरानं बुटांच्या दुकानाच्या नियमांतलं एक लांबलचक पान दोघींसमोर ठेवलं.

मोठीच्या कीबोर्डवरची कितीतरी अक्षरं पुसून गेली होती. तिला ती लागतही नव्हती. ती सुटली ती सुटलीच. धाकटीचं पान निम्म्यावर होतं तेव्हा हिनं शेवटचा पूर्णविराम दिला आणि खुर्चीला टेकून हाताची घडी घातली. मग दिराच्या सांगण्यावरून दोघींनी कीबोर्डांची अदलाबदल केली. मोठी नव्यावर थोडी अडखळली, धाकटी जुन्यावर थोडी अडखळली, निकाल तोच.

"बघा! म्हणजे वेग काही वाढला नाही," मोठी म्हणाली. "पैसे पाण्यात."

"वेगासाठी कुठे घेतलाय, ताई?" धाकटीनं आपला कीबोर्ड पुसत म्हटलं. हरल्याचं तिच्या तोंडावर नावालाही नव्हतं. "मजा येते म्हणून घेतला. गेममध्ये बोट जरा टेकलं की बटण लागतं, तेवढाच फायदा. बाकी लिहिताना नुसती मजा."

मोठीनं नवऱ्याकडे बघितलं. निदान तो तरी म्हणेल, आमच्या हिचा हात म्हणजे हात! त्यानं बातम्यांवरून नजर न काढता विचारलं, "कोण जिंकलं?"

शर्यत जिंकून माणूस इतकं हरल्यासारखं का वाटून घेतो, हे त्या दिवशी तिला कुणी विचारलं असतं तर ती त्याच्यावरच खेकसली असती. मजा! हा शब्द तिच्या डोक्यात दिवसभर माशीसारखा घोंगावत राहिला. तिच्या कामात वेग होता, बिनचूकपणा होता, डॉक्टरांची शाबासकी होती. मजा आहे की नाही हे तिनं कधी तपासलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात धाकटी एका दिवसासाठी माहेरी गेली. सासूबाई शेजारी बसायला गेल्या. घर रिकामं. मोठी कामाला बसली, दोन ओळी लिहिल्या आणि उठली. धाकटीच्या खोलीच्या दारात थोडा वेळ पडदा धरून उभी राहिली. स्वतःच्याच घरात चोरासारखं उभं राहणं तिला पटत नव्हतं, म्हणून ती आत गेली. कीबोर्डाची वायर काढली, तो उचलला. चांगलाच जड होता. तिनं तो आपल्या टेबलावर आणून जोडला.

पहिला रिपोर्ट एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खुब्याचा होता. सुरुवातीला बोटं चुकली. नेहमीच्या सवयीनं ती बटणं तळापर्यंत ठोकत होती आणि हे बटण तर अर्ध्या वाटेतच म्हणत होतं, कळलं, कळलं. मग हळूहळू बोटांनी ठोकायचं सोडलं. मनगटातली जी कळ ती इतकी वर्षं कामाचाच भाग समजत होती, ती दुपारपर्यंत आलीच नाही. आणि तो आवाज! दुरून ऐकला की डोक्यावर मिरे वाटायचा, तोच आपल्या बोटांखालून निघाला की वा! खुबा संपला, खांदा संपला, एका बाईच्या थायरॉइडचा कंटाळवाणा रिपोर्ट आला, आणि मोठीनं हेडफोन थोडा सरकवून तो रिपोर्ट सावकाश लिहिला. हो, सावकाश. मुद्दाम. लवकर संपू नये म्हणून.

संध्याकाळी तिनं कीबोर्ड पुसून जागच्या जागी ठेवला आणि आपल्या जुन्या कीबोर्डवर हात ठेवला. बटणं ओल्या पावावर बोट दाबावं तशी लागली.

आता खरं तर एवढं आवडलं तर आपणही एक घ्यावा, विषय संपला. दुसरी एखादी असती तर तिनं घेतलाही असता. पण भर टेबलावर "पैसे पाण्यात" म्हणून बसलेली बाई कोणत्या तोंडानं घेणार? आणि घेऊनही काय? स्प्रिंगांना वंगण लावायला कोण बसणार होतं? द्राक्षं आंबट म्हणून तरी कोल्ह्याला निघून जाता येतं. इथं वेल शेजारच्या खोलीत होता आणि दिवसभर टपटप वाजत होता.

मोठीनं जे केलं ते ठरवून केलं नाही. दीर सकाळी हत्यारांची पिशवी भरत होता, ती त्याचा डबा घेऊन आली आणि तोंडातून निघून गेलं, "भावजी, सांगू की नको असं झालंय. आईंची दुपारची झोप मोडते हो, त्या आवाजानं. त्या बोलायच्या नाहीत. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

दिराचा चेहरा उतरला. "आई म्हणाली?"

"म्हणाल्या म्हणजे... मला दिसतं ना. कूस बदलत असतात नुसत्या. तुम्ही काही विचारू नका त्यांना. उगाच संकोचतील."

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली की धक्का आपल्याला बसत नाही, असं माणसाला वाटतं. तिलाही त्या क्षणी हलकं वाटलं.

दिरानं आईला विचारलं नाही. तसा तो सरळ माणूस. त्यानं धाकटीला सांगितलं, मग बिनआवाजाचे स्विच आणले, सगळे जुने उपटून नवे बसवले, खाली फोमचा तुकडा घातला. या वेळी धाकटी टोप्या लावायला बसली नाही. आवाज गेला. त्याबरोबर बाकीचंही काय काय गेलं. धाकटी आता दुपारी पाय न वाजवता चालायची, कपाट हळू लावायची. "आई झोपल्यात" असं सारखं कुजबुजायची. गेमही कमी झाला. खेळताना ओरडायचं नाही, हसायचं नाही, मग खेळायचं तरी काय? एक दिवस मोठीनं बघितलं, धाकटीच्या टेबलावर ऑफिसकडून आलेला साधा चपटा कीबोर्ड होता. तो दुसरा खोक्यात घालून कपाटावर गेला होता.

मोठीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. सुरुवातीला वाटलंही. घर कसं शांत झालं, ती स्वतःशी म्हणाली. पण त्या शांततेत नवऱ्याचं घोरणं जास्त स्पष्ट ऐकू यायला लागलं, एवढाच फरक पडला.

पुढे एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. सासूबाईंनी घास थांबवून धाकटीकडे बघितलं.

"काय गं, तुझा तो टकटक्या कुठे गेला? बिघडला का?"

धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. "नाही, आई. तुमची झोप मोडते ना, म्हणून ठेवून दिला."

"माझी झोप?" सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "अगं, तो वाजायचा तेव्हाच तर मला झोप लागायची! घरात कुणीतरी कामात आहे, जागं आहे, असं वाटायचं. हल्ली दुपारी नुसती छताकडे बघत पडते मी. कुणी सांगितलं तुला झोप मोडते म्हणून?"

 दीर ताटाकडे बघत राहिला. त्यानं नाव घेतलं नाही, हा त्याचा भलेपणा. पण नाव न घेतल्यानंच ते सगळ्यांना कळलं. घरात माणसं होतीच किती! मोठीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं मीठ उचललं, कशावरही न घालता परत ठेवलं.

"मला वाटलं, मोडत असेल," ती म्हणाली.

धाकटी तिच्याकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, जशी एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार पुन्हा वाचून बघावी. मग ताट उचलून आत गेली. त्या रात्री भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी तिच्याशी कामापुरतं बोलली. "दूध संपलंय, ताई." "पाणी गेलंय, ताई." तिसऱ्या दिवशीही तेच. प्रत्येक वाक्याला ती "ताई" मात्र न चुकता लावत होती आणि तो शब्द सुई टोचावी तसा लागत होता.

शेवटी मोठी उठली आणि भर दुपारी नवऱ्याच्या दुकानात गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो डोळ्याला भिंग लावून एका चष्म्याच्या काडीत स्क्रू बसवत होता, तिळाएवढा.

"अरे, तू? आई ठीक आहे ना?"

"आईंना काय होतंय? मीच आले." ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. समोर आरसा होता, त्यात स्वतःचं तोंड दिसत होतं, म्हणून ती बाजूला वळून बसली. "अहो, दिवसभर तुम्ही परक्या माणसांच्या काड्यांत एवढाले स्क्रू घालत बसता. माझ्यासाठी कधी असं काही केलंत?"

त्यानं भिंग काढलं. "चष्मा नाही का केला? दर वेळी मीच घासतो तुझ्या काचा. पोऱ्याला हात लावू देत नाही."

"चष्मा गरजेचा असतो. मी हौसेचं बोलतेय."

तो विचारात पडला. उगाच उत्तर द्यायचं म्हणून देणारा माणूस नव्हता तो, तेवढं त्याचं चांगलं होतं. "तुला हौस कसली आहे?"

मोठी काउंटरवरच्या फ्रेमा उगाच सरळ करायला लागली.

"नाही, खरंच विचारतोय. तू कधी काही म्हणालीच नाहीस. मी विचारलं की म्हणतेस, मला काय करायचंय. मला वाटायचं, बरं आहे, आपली बायको समाधानी आहे."

"समाधानी!" ती म्हणाली. "मी खोटं बोलले, हे कळलंय ना तुम्हाला? आईंच्या नावावर."

"कळलं की. जेवताना सगळ्यांनाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तूच बोलशील म्हणून थांबलो." त्यानं पुन्हा भिंग उचललं, मग ठेवलं. "तुला तो कीबोर्ड हवा होता का?"

"हो!" मोठी जवळजवळ ओरडलीच. बाहेरून जाणाऱ्या एका माणसानं दुकानात डोकावून बघितलं. "हवा होता. आणि भावजी तिच्यासाठी बसले तसं कुणीतरी बसायला हवं होतं. आणि ते दोघं हसतात तसं हसायला हवं होतं. सगळंच हवं होतं मला. झालं समाधान?"

नवऱ्यानं ती चष्म्याची काडी डबीत ठेवली. "मला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण चल, मी दुकान बंद करतो, आपण जाऊ घ्यायला."

"नको. तुमचं गिऱ्हाईक येईल." ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि मी साखर घेते. अर्धा चमचा. पुन्हा विचारू नका."

कीबोर्डांचं दुकान पुलापलीकडच्या गल्लीत एका तळघरात होतं. भिंतींवर ओळीनं कीबोर्ड टांगलेले, आणि काउंटरवर एक पाटी, तिच्यावर नुसते स्विच बसवलेले, गिऱ्हाइकांनी दाबून बघायला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "गेमिंगसाठी की टायपिंगसाठी?"

"टायपिंगच. पण... दोन्ही धरा."

"क्लिक हवा, की नुसता मधला टप्पा, की सरळ?"

मोठीला यातलं एकही कळलं नाही. मग तिनं एकेक स्विच दाबून बघितला. पहिल्यांदा सगळे वेगळे वाटले, दुसऱ्यांदा सगळे सारखे. काउंटरवरची मुलगी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मोठीनं पर्समधून फोन काढला, धाकटीचं नाव काढलं, आत ठेवला, पुन्हा काढला. मग लावलाच.

"हं, ताई?" तोच सुईचा आवाज.

"मी त्या कीबोर्डांच्या दुकानात आहे," मोठी म्हणाली. "मला काही कळत नाहीये."

पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

"खोटं बोलले मी," मोठी फोनमध्ये हळू म्हणाली. काउंटरवरची मुलगी ऐकत होती, ऐकू दे. "आईंचं काही नव्हतं. माझ्याच पोटात दुखत होतं. तू माहेरी गेलीस तेव्हा तुझा कीबोर्ड घेऊन दिवसभर काम केलं मी, आणि मग मला तो तुझ्याकडे बघवेना."

"वायर दुसऱ्याच खाचेत खोचली होती," धाकटी म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं की कुणीतरी वापरलाय."

"आणि तू बोलली नाहीस?"

"मला बरं वाटलं होतं, ताई. म्हटलं, आवडला वाटतं ताईंना. आता विचारतील, मग दोघी मिळून तुमच्यासाठी एक करू. आणि तुम्ही..."  तिनं वाक्य अर्धवटच सोडलं. "मला अजून राग आहे तुमचा. सांगून ठेवते."

"असू दे. असायलाच हवा."

 मग धाकटी म्हणाली, "समोर काय काय आहे?"

"एक पाटी आहे. तिच्यावर रंगीत काय काय आहे."

"फोन जवळ धरा आणि एकेक दाबा. हळू नका दाबू, नेहमी लिहिता तसं दाबा."

मोठीनं फोन पाटीजवळ धरला आणि दाबलं.

"हा नको. हा फार किरकिरा आहे, दिवसभर ऐकून डोकं उठेल. पुढचा."

तिनं पुढचा दाबला. "परत," धाकटी म्हणाली. तिनं परत दाबला. "बोटाला कसं वाटतंय? मध्ये टप्पा लागतो का?"

"लागतो. एक पायरी उतरल्यासारखं वाटतं."

"तुम्ही जोरात ठोकता, ताई. तुम्हाला टप्पा हवा, म्हणजे बोट तळाला आपटणार नाही. मनगट दुखतं ना तुमचं?"

मोठीनं पाटीवरचं बोट उचललं. मनगटाचं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "तुला कसं कळलं?"

"काम झालं की चोळत असता. दिसतं की." धाकटी घाईनं पुढे म्हणाली, "तोच घ्या, दुसरा दाबलात तो. आणि जोडलेला घेऊ नका, सुटा घ्या. हे करतील."

"भावजींना नको त्रास. मीच लावीन वंगण. तू दाखव फक्त."

"बघू," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

मोठीनं टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं तेव्हा धाकटी लगेच आली नाही. मोठीनं पहिल्या स्विचची स्प्रिंग उडवली, ती कपाटाखाली गेली. दुसरीला इतकं वंगण लावलं की ती उठेचना. तेव्हा धाकटी आली, खुर्ची ओढून बसली आणि ब्रश हातातून काढून घेतला. "थेंबभर. लोणी लावताय का?" नवराही दुकानातून आल्यावर येऊन बसला. त्याचा हात अशा कामात बसलेला. भिंग लावून त्यानं भराभर स्विच मिटवायला घेतले. त्या संध्याकाळी त्यानं बातम्या लावल्या नाहीत.

घरात आता दुपारी दोन कीबोर्ड वाजायला लागले. धाकटीनं जुने स्विच परत घातले होते. सासूबाई म्हणाल्या, एक बारीक वाजतो आणि एक ठसठशीत, डोळे मिटूनही कळतं कोण काम करतंय आणि कोण बसून राहिलंय. मोठीचा वेग तसूभर वाढला नाही. मनगट मात्र बरं राहिलं.

धाकटीचा राग काही एकदम गेला नाही. तो उन्हात ठेवलेल्या ओल्या कपड्यासारखा कडेकडेनं वाळत गेला. एक दिवस संध्याकाळी तिनं आपल्या खोलीतून हाक मारली, "ताई, येताय का? तिसरा माणूस हवाय आम्हाला."

मोठी आपला कीबोर्ड काखेत घेऊनच गेली. जगातली सगळी हाडं आणि ग्रंथी न बघता टाइप करणाऱ्या त्या बाईला पुढे चालायचं बटण सापडेना. ती भिंतीवर जाऊन आदळली, तिथंच गोल फिरत राहिली आणि कुणा अनोळखी माणसानं तिला मागून गोळी घातली.

"मी काय केलं होतं त्याचं?" मोठी संतापली.

"काही करावं लागत नाही, वहिनी!" दीर पोट धरून हसत होता.

"पुन्हा लावा. त्याला सोडत नाही मी."

पुन्हा लावला. पुन्हा मेली. "ताई, पळा! पळा! त्या बाजूला नाही!" धाकटी तिचा दंड धरून ओढत होती, जणू खरंच कुणी येत होतं. धाकटीचा निशाणा अचूक होता, आणि तो बघून मोठीच्या पोटात पुन्हा जुनं काहीतरी चिमटलं. सुंभ जळला तरी पीळ थोडाच जळतो? पण ती ओरडत होती, हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि चिमटा त्या गडबडीत कुठेतरी राहून गेला.

"जेवायचं बघायचंय का काही?" दारातून आवाज आला.

तिचा नवरा पडदा धरून उभा होता. त्यानं तिघांकडे बघितलं, स्क्रीनवरच्या धावपळीकडे बघितलं, बायकोच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे बघितलं. "मला काय कळतंय त्यातलं," असं काहीतरी पुटपुटला, पण गेला नाही. त्याच्या तोंडावर जे काही होतं ते मोठीनं बरोबर ओळखलं. त्या दुखण्यात ती स्वतः मुरलेली होती. खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटलं, आणि तिनं त्याला आणखी एक डाव तसंच उभं राहू दिलं.

मग ती पलंगावर जराशी सरकली.

"या, बसा," ती म्हणाली. "पण मध्ये बोलायचं नाही. मी मरते."